हंगाम संपल्यावरची मॅच

हंगाम संपल्यावर आणखी एक मॅच कशाला ठेवतात, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. हरणारे हरले, जिंकणारे कप घेऊन गेले, मैदानाचं गवत पिवळं पडायला लागलं, आता गप घरी बसा की. पण नाही. सगळ्या कॉलेजांतून चांगली चांगली पोरं वेचून काढायची, त्यांच्या दोन टीम करायच्या, आणि एक शेवटची मॅच खेळवायची. तिचं नाव ऑल-स्टार. तिचा निकाल कशातच धरत नाहीत. मी माझ्या मुलाला, नईमला विचारलं, "अरे, मग खेळतात कशाला?" तर म्हणतो, "अब्बा, इट्स ॲन ऑनर." घरी आणायला हातात काही नाही, त्याला ऑनर म्हणतात.

यंदाही हवा फिरलीय. शारजात, अल मजाजच्या आमच्या बिल्डिंगीत सकाळी बाल्कनीच्या काचेवर बाहेरून वाफ धरायची बंद झाली. हॉलमधला एसी बंद केला, तर फ्रिजचा आवाज केवढा मोठा आहे ते कळलं. खाली लगूनच्या कडेनं बायका पोरं चालायला लागली. सगळ्यांना बरं वाटतंय. माझी मात्र चिडचिड होते. उन्हाळ्यात निदान सगळेच कोंडलेले असतात, कुणी कुणाला विचारत नाही. हवा फिरली की जो तो म्हणतो, "चाचा, बाहर बैठो, मौसम देखो." काय बघू मौसमात?

मगरीबच्या नमाजनंतर लांब नातवाच्या कॉलेजच्या मैदानाचे दिवे लागतात. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दोन बिल्डिंगींच्या फटीत, तेवढे दिसतात. पांढरे, डोळ्यांत खुपणारे. मागच्या हंगामात ते लागले की ही फ्लास्क विसळायला घ्यायची. आता ते लागले की मी खिडकीचा पडदा ओढतो. सून येते आणि पडदा परत सरकवते, "अब्बा, वास कोंडतो." तिचंही बरोबर आहे. सगळ्यांचंच बरोबर असतं, हाच तर वैताग आहे.

तो फुटबॉल कसला, ते आधी सांगतो. आमच्या रत्नागिरीच्या बाजूला फुटबॉल म्हणजे पायानं मारायचा. हा तसला नाही, हा अमेरिकेचा. बॉल सोललेल्या नारळासारखा, दोन्ही बाजूंनी टोक काढलेला. तो छातीशी धरून पळायचं, आणि समोरच्यांनी गाडी ठोकावी तसं त्याला ठोकायचं. खांद्यावर पॅड, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला जाळी. मी चौथी शिकलेला माणूस. चौथीनंतर हातात हातोडी आली ती अल क्वोजच्या वर्कशॉपातून घरी बसेपर्यंत सुटली नाही. डेंटिंगचं काम. लोकांनी ठोकलेल्या गाड्या आयुष्यभर सरळ करत आलो, आणि माझा नातू, अरमान, कॉलेजात जाऊन मुद्दाम ठोकून घेतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी म्हटलं, "याचं पत्र्याचं काम कोण करणार?"

हिला मात्र तो खेळ आवडला. ही म्हणजे जुबेदा, माझी बायको. अरमान तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला. नईम आणि सून दोघं ऑफिसला जायची, तेव्हा दूध, लंगोट, शाळेची बस, सगळं हिनंच बघितलं. त्यामुळं तो जिथं जाईल तिथं हिचं मन. नईम आम्हाला मैदानाच्या कडेला घडीच्या दोन खुर्च्या टाकून सोडायचा आणि पार्किंग शोधायला जायचा, तो अर्धी मॅच झाल्यावर उगवायचा. आम्ही दोघं बसलेलो. फ्लास्क, सांदणांचा डबा, आणि हिच्या मांडीवर माझी शाल, कारण दिव्याखाली थंडी वाजायची तिला, आणि शाल आणायची मी.

पहिल्याच मॅचला पंचाईत झाली.

"अहो, आपला कुठचा?"

"तो काय तो."

"तो कुठचा? सगळे पिवळे."

खरंच सगळे पिवळे. अरमानच्या कॉलेजची हेल्मेटं हळदीसारखी पिवळी, आणि आत तोंड कुणाचं ते कळायला मार्ग नाही. पाठीवर नंबर होते, पण हिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं पुढं ढकललेलं. माझ्या चष्म्याची तर गोष्टच नको. अख्खी मॅच आम्ही दोघांनी कुणाच्या कुणाच्या पोरांना शाबासकी दिली अल्ला जाणे.

घरी आल्यावर हिनं कपाटातून टॉवेल काढला. पांढरा, लाल किनारीचा, गावाहून आणलेला, कुणी वापरू नये म्हणून सगळ्यांत खाली दडवलेला. अरमानच्या हातात ठेवला.

"हा कमरेला खोचायचा. मी लाल किनार बघीन."

"दादी, सीरियसली?"

"तुझ्या टीममध्ये कमरेला फडकी लावतात, मी बघितलं."

"दॅट्स फॉर स्वेट, दादी."

"मग तुला घाम येत नाय? राजा लागून गेलास?"

तो हसला, टॉवेल बॅगेत कोंबला आणि हिच्या डोक्याचा मुका घेऊन गेला. पुढच्या मॅचला मैदानात पिवळी हेल्मेटं उतरली आणि एकाच्या कमरेला मागच्या बाजूला पांढरा टॉवेल, लाल किनार. हिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की दोन दिवस निळं होतं.

"तो बघा, आपला!"

त्यानंतर हिला कुणाला विचारायची गरज राहिली नाही. मॅच सुरू होताना ओठ हलवत काहीतरी पढायची आणि त्या टॉवेलच्या दिशेनं फुंकर मारायची. मैदान केवढं, वारा केवढा. मी म्हणायचो, "तुझी दुआ त्या रेफ्रीला लागतेय." ती म्हणायची, "लागू दे. त्याला पण आई आहेच की." टीम हरायची. त्या हंगामात ती पोरं पहिल्यापासून हरलीच. पण हिचं लक्ष निकालाकडं नव्हतंच. टॉवेलवाला वाकायचा, बॉल पायांतून मागं द्यायचा, आणि मग सगळी धुमश्चक्री सुरू व्हायची. हिला त्याचा केवढा अभिमान. "बघा हां, आपल्याशिवाय सुरूच होत नाय."

एकदा म्हणाली, "घरात एवढा सडपातळ, आणि मैदानात किती थोराड दिसतो."

"आत पॅड असतात, बाई."

"कंबरेला पण पॅड?"

मी म्हटलं, असतील. मला काय माहीत काय काय घालतात.

मॅच संपली की टॉवेलवाला आमच्या दिशेनं हात वर करायचा. ही खुर्चीतून उठून दोन्ही हात हलवायची. मग अर्ध्या तासानं अरमान आंघोळ करून, केस ओले, पार्किंगमध्ये यायचा आणि डब्यातली सांदणं उभ्या उभ्या खायचा. ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "बघितला, सगळा बघितला." तो म्हणायचा, "थँक यू, दादी," आणि तोंडात पुढचं सांदण.

मग हिला दम लागायला लागला. आधी खुर्चीपासून गाडीपर्यंत, मग बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मी म्हटलं, ते तर आधीपासूनच आहे, औषध सांगा. नईमनं मला कॉरिडॉरमध्ये नेऊन बसवलं, "अब्बा, प्लीज, डॉक्टरशी असं नाही बोलायचं." कसं बोलायचं, तेही कुणीतरी सांगा.

शेवटच्या दोन मॅचेस तिच्याविना झाल्या. तिनं मला जायला लावलं. "तुमी जा. टॉवेल बघून या." मी जायचो, बघून यायचो, सांगायचो. टॉवेलवाल्यानं हात वर केला का, हे ती न चुकता विचारायची. मी हो म्हणायचो. त्यानं केलेलाही असायचा, पण शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं बघून खाली घ्यायचा.

हॉस्पिटलात होती तेव्हाच अरमान आला, ऑल-स्टारमध्ये निवडला गेलो म्हणून सांगायला. एवढ्या हरलेल्या टीममधून तो एकटाच. पलंगाच्या कडेला बसून हातवारे करून सांगत होता. जर्सी सगळ्यांची एकच, पण हेल्मेट प्रत्येकानं आपापल्या कॉलेजचं घालायचं, तशी पद्धतच असते. कुणाचं काळं, कुणाचं निळं, कुणाचं पांढरं.

"सो दादी, ओन्ली वन यलो. ओन्ली मी. यू वोन्ट हॅव टु सर्च."

ही म्हणाली, "शोधत कधी होते मी? मला तर रोज दिसतोस."

अरमान मान खाली घालून तिच्या हाताला लावलेल्या सुईच्या पट्टीकडं बघत बसला. मला वाटलं, आजीच्या आजारानं गप्प झाला.

"त्या मॅचला मी येणार," ती म्हणाली. "नईमला सांग, खुर्च्या गाडीतून काढू नको."

त्या मॅचच्या आधीच ती गेली. इथंच, शारजातच दफन केलं. गावाकडचे फोनवर म्हणाले, इकडं आणायला हवी होती. इथले म्हणाले, जिथली माती तिथं. घरात माणसं येत होती, खजूर खात होती आणि मला सांगत होती, सब्र करा चाचा, अल्लाची मर्जी. एक जण म्हणाला, तुम्ही नशीबवान, एवढी वर्षं साथ मिळाली. मी म्हटलं, तुझी बायको घरी आहे ना? मग तू जा घरी. नईम परत मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

मला त्या वेळी एवढं एकच धरून ठेवायला होतं. बाकी काही का होईना, हिनं शेवटचा हंगाम आपल्या नातवाला डोळे भरून बघितलं. अर्धवट डोळ्यांनी का होईना, बघितलं. बाकी तिला काय मिळालं? हे शहर तिनं बाल्कनीतूनच पाहिलेलं. पण मैदानातला अरमान तिचा होता, तो तिला दिसत होता. मी रोज हेच मनात घोळवत होतो, जसा माणूस खिशातली किल्ली चाचपतो तसा.

ऑल-स्टारला मी जाणार नव्हतो. नईम म्हणाला, "अब्बा, अम्मीला आवडलं असतं." मेलेल्या माणसाला काय आवडलं असतं हे सांगायला सगळे कसे पुढं असतात. पण अरमान म्हणाला, "दादा, यू डोन्ट कम, आय डोन्ट प्ले." मग काय करणार? बसलो गाडीत.

नईमनं सवयीनं दोन्ही खुर्च्या टाकल्या आणि पार्किंग शोधायला गेला.

आणि काय ती मॅच! कुणी कुणाला धड ठोकत नव्हतं. एकमेकांच्या ओळखीची नाहीत ती पोरं, एक इकडं पळतोय, एक तिकडं बॉल टाकतोय. पडला की समोरचाच हात देऊन उठवतोय, हसतायत. स्पीकरवर गाणी काय, लोक सेल्फी काय काढतायत. सगळ्यांना थोडं थोडं खेळवायचं म्हणून अर्धा वेळ अरमान बाकड्यावर. जिवाचं माणूस गेलेल्या घरातून उठून मी हे बघायला आलो होतो. संपलेल्या हंगामाचा उरलासुरला रस्सा.

पण एक होतं. तो बाकड्यावर बसला तरी मला दिसत होता. सगळ्या काळ्या, निळ्या, पांढऱ्यांत ते एकच पिवळं. मैदानात आला तेव्हाही दिसला, पळाला तेव्हाही. माझ्यासारख्या आंधळ्यालाही शोधावं लागलं नाही. मी दंडाला चिमट्याची वाट बघितली. सवय.

आणि मग मला दिसलं की हा बारीक आहे. काठीसारखा. सगळ्यांच्या मागून, कडेकडेनं पळतोय. वाकून बॉल देणारा हा नव्हेच. आणि कमरेला टॉवेलही नाही.

तेवढ्यात मागून कुणीतरी आलं. भलाथोरला मुलगा, दाढी नुकती फुटलेली, जीन्स आणि टी-शर्ट. माझ्या खुर्चीजवळ वाकला.

"अंकल, सलाम आलेकुम. हज्जा वेन?"

हज्जा म्हणजे आजीबाई, ती कुठंय म्हणून विचारत होता. हिला हज्जा म्हणणारा हा कोण? मी इतकी वर्षं या देशात काढली, पण मला येते ती वर्कशॉपातली अरबी. दुःखाची येत नाही. गिऱ्हाइकाला स्पेअर पार्ट नसला की सांगतो तेच तोंडातून निघालं.

"हज्जा मा फी. खलास."

 त्यानं पुटपुटत दुआ केली, दोन्ही हात तोंडावरून फिरवले, आणि मला न विचारता हिच्या खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. मी ओरडणार होतो. पण त्यानं पाठीवरची बॅग पुढं घेतली, आतून धुऊन घडी केलेला टॉवेल काढला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. लाल किनार.

त्याचं नाव हादी. लेबनानचा, आई बैरूतला, हा इथं हॉस्टेलवर. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, थोडं अरबी असं करत त्यानं सांगितलं. त्याचे हात घामानं भिजायचे, वाकून दिलेला बॉल सुटायचा, कोच शिव्या द्यायचा. पहिल्याच आठवड्यात अरमाननं हा टॉवेल त्याला देऊन टाकला. मग त्याला दिसायला लागलं की दर मॅचला एक म्हातारी बाई त्याच्याकडं बघून हात हलवते. "मैं सोचा, ये मेरे को क्यों? फिर मैं भी किया." त्याच्या मॅचला दुसरं कुणी येत नव्हतं.

"अरमानको बोला मैं, तेरी दादी मेरेको देखती है. वो बोला, मा फी मुश्किल, लेट हर."

काही अडचण नाही. लेट हर.

परतताना गाडीत मी पुढं, अरमान मागं. मी मागं न वळता विचारलं, "टॉवेल का दिलास?"

"दादा, ही नीडेड इट."

"ती तुला बघत होती."

"आय नो. मला नंतर कळलं. मी काय सांगणार होतो? शी वॉज सो हॅपी."

"अरे, अख्खा हंगाम ती दुसऱ्याच पोराला बघत राहिली!"

"दादा," तो म्हणाला, "इट वॉज जस्ट अ टॉवेल."

नईम म्हणाला, "अब्बा, खलास, जाऊ द्या ना." कुणी कुणाला जाऊ द्यायचं हे मात्र कधीच ठरत नाही. पुढच्या सिग्नलला मला गाडीतून उतरून चालत जावंसं वाटलं. धरून ठेवायला एक किल्ली होती, ती कुणा दुसऱ्याच्याच घराची निघाली.

उन्हाळाभर मी यावर धुमसलो. एसीच्या घरघरीत बसून तेच तेच. तिला कळलं असेल का? कंबर थोराड दिसते म्हणाली होती. ज्या पोराला तिनं स्वतः न्हाऊ माखू घातलं, त्याची चाल तिला ओळखू येऊ नये? घरात अंधारात नुसत्या चपलेच्या आवाजावरून सांगायची, अरमान आला म्हणून. मग मैदानात कशी फसली? कधी वाटतं, फसलीच, डोळे गेलेले होते. कधी वाटतं, पक्कं माहीत होतं, आणि माझ्यासारख्या माणसाला सांगून काय उपयोग म्हणून बोलली नाही. विचारायला ती नाही. मी काय उलगडू?

टॉवेल मी त्या दिवशी परत हादीच्याच बॅगेत कोंबला होता. रागानं. "तूच ठेव," म्हटलं. त्याला वाटलं मी मोठ्या मनानं दिला. त्यानं माझ्या डोक्याचा मुका घेतला. लोकांना काहीही वाटतं.

अरमान आता कॅनडात, पुढं शिकायला गेलाय. फोनवर त्याचं तोंड येतं, मागं बर्फ. "दादा, हाऊ आर यू?" म्हणतो. मी म्हणतो, हवा फिरली. 

काल दिवे लागले आणि मी पडदा ओढला नाही. गाडीच्या डिकीत खुर्च्या अजून तशाच होत्या, नईमनं काढल्या नव्हत्या. मी म्हटलं, "मला मैदानावर सोड."

"अब्बा, आता कशाला? आपला कोण खेळतोय तिथं?"

मी चिडलो. "सोडणार आहेस की टॅक्सी करू?" सोडलं त्यानं. एक खुर्ची काढली, दुसरी तशीच ठेवत होता, मी म्हटलं, ती पण टाक.

पहिलीच मॅच. पिवळी हेल्मेटं उतरली, झाडून सगळी सारखी. वैताग तोच. मी डोळे बारीक करून बघत राहिलो, चष्मा काढला, पुसला, घातला. एकाच्या कमरेला पांढरं काहीतरी हललं. लाल किनार होती की मला दिसावी म्हणून दिसली, कोण जाणे. हिच्यासारखं पढायचा प्रयत्न केला आणि फुंकर मारली. माझे पुढचे दात नाहीत, हवा भलतीकडंच गेली. कुणाला तरी लागली असेल.

तो वाकण्याआधी एकदा आमच्या कडेला वळला आणि त्यानं हात वर केला. मी बसल्या जागी हात वर केला. मग उठून दोन्ही हात हलवले, गुडघे दुखले तरी.

शेजारी एक हैदराबादची बाई बसली होती, मुलाची पहिलीच मॅच असावी. तिचीही तीच पंचाईत, सगळे पिवळे. माझ्याकडं वळून म्हणाली, "चाचा, आपका कौनसा है?"

"वो," मी म्हटलं. "टॉवेलवाला."